सकाळी बोट अडकतंय? 'ट्रिगर फिंगर'कडे दुर्लक्ष नको!

सकाळी उठून चहाचा कप उचलायला जाता आणि एक बोट वाकलेलंच राहतं. दुसऱ्या हाताने सरळ केलं की 'टक्' होतं आणि कळ थेट तळहातात जाते. असं तुमच्यासोबत किंवा आईसोबत होतंय का? 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका. याला 'ट्रिगर फिंगर' म्हणतात आणि यावर चांगले उपचार आहेत.

नेमकं काय होतं?
बोट वाकवणारा दोरीसारखा टेंडन बोटाच्या मुळाशी एका अरुंद कड्यातून सरकतो. टेंडनला सूज आली किंवा कडं जाड झालं की तो अडकतो. नाडीला गाठ पडली की ती नेफ्यात अडकते ना, अगदी तसंच!

कोणाला जास्त त्रास?
चाळिशी ते साठीतल्या स्त्रियांना हा त्रास अधिक होतो. मधुमेह, थायरॉइड किंवा आमवात असेल तरीही शक्यता वाढते. म्हणूनच बोट अडकू लागलं की एकदा रक्तातली साखर तपासून घ्या. कपडे पिळणं, बेंगळुरूच्या ट्रॅफिकमध्ये सतत क्लच दाबणं अशा घट्ट पकडीच्या कामांनी दुखणं वाढू शकतं.

उपचार कोणते?
• आराम आणि पट्टी: घट्ट पकडीची कामं कमी करा. रात्री बोट सरळ ठेवणारी पट्टी (स्प्लिंट) लावा. सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून बोटं हळूहळू हलवा.
• इंजेक्शन: स्टेरॉइडच्या इंजेक्शनने अनेकांना आराम पडतो. मधुमेह असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, कारण काही दिवस साखर वाढू शकते.
• छोटी शस्त्रक्रिया: तरीही फरक नसेल तर फक्त तेवढीच जागा बधिर करून कडं मोकळं करतात. बहुतेक जण त्याच दिवशी घरी जातात.

हे करू नका
अडकलेलं बोट जोरात ओढू नका, रगडून मालिशही नको. वेदनाशामक गोळ्या मनाने घेत राहू नका. बोट खूप दिवस वाकलेलं राहिलं तर सांधा आखडतो.

प्रत्येक हातदुखी सारखी नसते
रात्री अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येत असतील तर मनगटातली नस दबलेली असू शकते. बाळाला सतत उचलणाऱ्या आईचं मनगट अंगठ्याच्या बाजूने दुखत असेल, तर तिथल्या टेंडनला सूज असू शकते. बोट लाल, गरम होऊन सुजलं किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

कुठे दाखवाल?
अस्थिरोगतज्ज्ञ किंवा हँड सर्जनना दाखवा. बेंगळुरूत जयनगर भागात संजय गांधी ट्रॉमा आणि ऑर्थोपेडिक्स ही सरकारी संस्थाही आहे.

घरातल्या सगळ्यांची कामं करणारे हे हात आहेत. पोळ्या लाटून झाल्यावर आईला आज एकदा मूठ उघडून दाखवायला सांगा!