बरग्यांचा खर्च कोण देणार?

सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातलं विसापूर. १९६५ साली या गावात एक प्रयोग झाला. ज्याला काम हवं त्याला गावातच काम द्यायचं आणि ते माती अडवणारं, पाणी मुरवणारं, जमीन धरून ठेवणारं असावं, एवढी साधी कल्पना. ती होती विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची. त्या प्रयोगातून रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७२च्या दुष्काळात ती राज्यभर पोचली. मे १९७३मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. ज्यांनी तेव्हा कामावर वाटली जाणारी सुकडी खाल्ली ती माणसं आजही माण-खटाव-आटपाडीत भेटतात आणि ‘तो तलाव आमच्या हातचा’ असं बोट दाखवून सांगतात. १९७७मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९पासून तो अमलात आला. पैसा कुठून? शहरातल्या पगारदारांकडून व्यवसाय कर आणि राज्याच्या तिजोरीतून तितकीच भर. २००५मध्ये संसदेने रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा विसापूरची कल्पना देशाची झाली.

पाणी आणि जमीन राखण्यासाठी निधी कुठून मिळतो, या विषयाची सुरुवात मी विसापूरपासून करतो, कारण गावोगावी हा प्रश्न विचारताना माणसं मुंबई-दिल्लीकडे पाहतात, एखाद्या परदेशी संस्थेचं नाव घेतात. देशातला या कामाचा सगळ्यात मोठा निधी कृष्णेच्या पूर्वेकडच्या या कोरड्या पट्ट्यात सुचलेला आहे, हे विसरायला होतं.

दुसरी गोष्ट ऑक्टोबरमधली. येरळा नदी खटाव तालुक्यात उगम पावते, सातारा ओलांडून सांगली जिल्ह्यात येते आणि पलूस तालुक्यात ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. या खोऱ्यात कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे आहेत. या बंधाऱ्याला भिंत नसते, खांब असतात. पावसाळ्यात खांबांमधली जागा मोकळी ठेवायची, म्हणजे पुराबरोबर गाळही निघून जातो. पाऊस ओसरला की खांबांच्या खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, बसवायचे आणि उरलेला प्रवाह अडवायचा. पंधरा दिवस उशीर झाला की अडवायला पाणीच उरत नाही. मी पाहिलेल्या एका बंधाऱ्यावर निम्मे बरगे नव्हते. काही वाहून गेले होते, काही कुजले होते, काही कुणी उचलून नेले होते. ग्रामसभेत विषय निघाला, आणि नव्या बंधाऱ्याचा प्रस्ताव करायचं ठरलं. बरग्यांसाठी पैसे मागायला योजनेत रकानाच नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

निधीची सगळी कथा त्या रकान्यात आहे. २००८च्या पाणलोट विकासाच्या सामाईक मार्गदर्शक सूचना घ्या. शंभर रुपयांतले ५० रुपये प्रत्यक्ष कामांना, १० प्रशासनाला, सविस्तर प्रकल्प अहवालाला एक रुपया आणि काम संपल्यावर ते गावाच्या हाती नीट सोपवण्याच्या टप्प्याला ५. नंतर हे प्रमाण बदलत गेलं, पण तराजूचा काटा कामाच्या बाजूलाच झुकलेला राहिला. प्रधानमंत्री कृषी सिंचाई योजनेतल्या पाणलोट घटकाच्या दुसऱ्या पर्वात, म्हणजे २०२१ ते २०२६ या काळासाठी, सपाट भागात हेक्टरी २२ हजार आणि डोंगराळ, अवघड भागात २८ हजार रुपये असा दर ठरला. आधी तो १२ हजार आणि १५ हजार होता. वाढ मोठी आहे आणि ती हवीच होती. पण बांध घातल्यानंतरच्या आठव्या वर्षी त्याला भगदाड पडलं तर कोण बुजवणार, याचं उत्तर दर वाढवून मिळत नाही.

उत्तर म्हणून योजनेत एक तरतूद आहे, ती मला फार शहाणपणाची वाटते. खासगी जमिनीवर होणाऱ्या कामाच्या खर्चातला १० टक्के वाटा लाभार्थ्याने द्यायचा. अनुसूचित जाती-जमातीच्या आणि अल्पभूधारक शेतकऱ्यांनी ५ टक्के. हे पैसे गावाच्या पाणलोट निधीत जमा होतात आणि पुढची देखभाल त्यातून व्हावी अशी अपेक्षा असते. हा वाटा खरोखर खिशातून किंवा घामातून आला तर गावाला त्या बांधाची काळजी वाटते. मजुरीच्या हिशेबात तो परस्पर वळता झाला की रक्कम जमा होते, काळजी जमा होत नाही.

हीच गोष्ट भारत-जर्मन पाणलोट कार्यक्रमाने उलट्या क्रमाने केली होती. फादर हर्मन बाखर यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रात सुरू झालेल्या त्या कार्यक्रमात गावाने आधी श्रमदान करून दाखवायचं, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळायची आणि मगच पैसा. जर्मनीचा पैसा नाबार्डमार्फत येत असे. पुढे १९९९-२०००मध्ये केंद्र सरकार आणि नाबार्ड यांनी प्रत्येकी १०० कोटी घालून पाणलोट विकास निधी उभा केला, त्यातही श्रमदानाची अट राहिली. आज एखाद्या गावाने मला विचारलं की पहिला अर्ज कुठे करू, तर मी नाबार्डच्या जिल्हा विकास व्यवस्थापकाचं दार दाखवीन. रक्कम मोठी मिळते म्हणून नव्हे. तिथे जाण्याआधी गावाला स्वतःची परीक्षा द्यावी लागते म्हणून.

आता येरळेवरच्या एका अशा धरणाबद्दल, ज्याला कुणी अनुदान दिलं नाही.

खानापूर तालुक्यात बलवडी आणि तांदुळवाडी ही गावं. १९८२चा गिरणी संप फसला तेव्हा मुंबईतले अनेक कामगार या तालुक्यातल्या आपल्या घरी परतले. इथे दुष्काळ होता. रोजगार हमीवर खडी फोडण्याचं काम मिळत होतं. मुक्ती संघर्ष चळवळीत ही माणसं एकत्र आली आणि त्यांनी विचारलं, दर दुष्काळात खडीच का फोडायची? दुष्काळच हटेल असं काम का काढत नाही? भारत पाटणकर आणि गेल ऑम्व्हेट त्या चळवळीत होते. त्याच वेळी येरळेच्या पात्रातली वाळू ठेकेदार उपसून नेत होते. वाळू गेली की नदीच्या पोटातलं पाणी जातं, काठच्या विहिरी आटतात, हे शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. गावांनी म्हटलं, वाळू आमची आहे. उपसा थांबवा, त्यातली थोडी आम्हाला विकू द्या, त्या पैशातून आम्ही धरण बांधू.

१९८६च्या सुमारास काम सुरू झालं. परवानगीवरून शासनाशी झगडा झाला, काम थांबलं, पुन्हा सुरू झालं. आराखड्यासाठी के. आर. दाते यांच्यासारखे अभियंते पाठीशी उभे राहिले. वाळूचे पैसे, गावकऱ्यांचं श्रमदान आणि शहरांतल्या हितचिंतकांची मदत यांतून नव्वदच्या आसपास ‘बळीराजा स्मृती धरण’ पूर्ण झालं. पाण्याची वाटणी जमिनीच्या आकारावर ठरली नाही. प्रत्येक कुटुंबाचा वाटा सारखा आणि ज्याला जमीन नाही त्यालाही वाटा.

निधी उभारणीच्या कुठल्याही प्रशिक्षणात हे उदाहरण सांगितलेलं मी ऐकलेलं नाही. ते सांगायला हवं. ज्या वाळूच्या उपशाने नदी मरत होती, तिच्याच मर्यादित विक्रीतून नदीवर धरण झालं. आणि पाणी येण्याआधी त्याची वाटणी ठरली. माझ्या मते पैसा टिकतो की वाहून जातो, हे इथेच ठरतं.

बक्षीस हाही निधीच. २०१६च्या पहिल्या सत्यमेव जयते वॉटर कप स्पर्धेत कोरेगाव तालुक्यातलं वेळू पहिलं आलं, ५० लाख मिळाले. २०१८मध्ये माण तालुक्यातल्या टाकेवाडीने ७५ लाखांचा पहिला क्रमांक पटकावला. ४५ दिवस अख्खं गाव कुदळ-फावडं घेऊन डोंगरावर, हे दृश्य ज्यांनी पाहिलं ते विसरणार नाहीत. स्पर्धेतल्या बहुतेक गावांना बक्षीस मिळालं नाही, समतल चर मात्र प्रत्येकाच्या डोंगरावर उरले. तेच त्यांचं अनुदान.

पाणथळींकडे वळलं की गोष्ट अवघड होते. १८७६-७७च्या भीषण दुष्काळात दुष्काळी काम म्हणून माणगंगेवर राजेवाडीचा, म्हणजेच म्हसवडचा तलाव काढला गेला. खटावमध्ये येरळेवरचा नेरचा तलाव आणि मायणीचा तलावही ब्रिटिश काळातले. मायणी परिसरात आणि येरळवाडीच्या जलाशयावर हिवाळ्यात फ्लेमिंगो येतात. ज्या तालुक्यात उन्हाळ्यात टँकर फिरतो, तिथे उथळ पाण्यात शेकडो गुलाबी पाय उभे असतात. पण २०१७च्या पाणथळ संवर्धन नियमांनी व्याख्या करताना सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय वगळले आहेत. म्हणजे वर्षानुवर्षं पाखरं उतरत असली तरी कागदावर हे तलाव पाणथळ नाहीत. वास्तविक महाराष्ट्राचं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, नांदूर मधमेश्वर २०२०मध्ये जाहीर झालं, तेही गोदावरीवरच्या सिंचनाच्या बंधाऱ्यामुळे तयार झालेलं आहे.

मायणीला वाट सापडली ती वेगळ्या कायद्यातून. २०२१मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ते पक्षी संवर्धन राखीव क्षेत्र झालं. त्यामुळे वन्यजीव अधिवासांच्या एकात्मिक विकासाची केंद्राची योजना त्याला खुली झाली, कारण ती अभयारण्यांइतकीच संवर्धन राखीव क्षेत्रांनाही लागू आहे. उरलेल्या तलावांच्या गावांनी हा रस्ता नीट पाहून घ्यावा. केंद्राची जलीय परिसंस्थांची योजना, जिथे खर्च केंद्र आणि राज्य ६० आणि ४० असा उचलतात, तिच्यासाठी व्याख्येशी झुंजत बसण्यापेक्षा हा मार्ग जवळचा आहे.

‘पाणथळ’ हा शब्द सांगलीत दोन तोंडांनी बोलतो. पक्षीमित्राला तो गोड लागतो. वाळवा, पलूस, मिरजेच्या ऊसकऱ्याला विचारा, तो कपाळावर हात मारेल. अतिपाण्याने आणि खताने चिबडलेली, मीठ फुटलेली क्षारपड जमीन म्हणजे त्याची पाणथळ. कसबे डिग्रज इथल्या कृषी संशोधन केंद्राने या जमिनींवर वर्षानुवर्षं काम केलं आहे. सच्छिद्र पाइप जमिनीखाली घालून निचरा करायचा, हा उपाय सिद्ध आहे. पण एकट्याच्या रानात पाइप घालून भागत नाही, पाणी बाहेर न्यायला शेजाऱ्याची हद्द ओलांडावी लागते. इथे अनुदानापेक्षा आधी दहा-वीस सातबाऱ्यांची सहमती लागते, आणि तिच्यासाठी गावात बसून बोलणाऱ्या माणसाचा पगार कुठल्याच योजनेत नीट धरलेला नसतो.

राखण्यासाठी दरवर्षी येणारा पैसा मला साताऱ्याच्या कास पठारावर दिसतो. २०१२मध्ये पश्चिम घाट जागतिक वारसा यादीत गेला, त्यात कास आहे. फुलांच्या हंगामात पर्यटकांकडून घेतलं जाणारं शुल्क पठाराभोवतीच्या गावांच्या समितीकडे येतं आणि त्यातून राखणदार, स्वच्छता, गर्दीचं नियमन होतं. गर्दीचे प्रश्न आहेत आणि ते गंभीर आहेत. पण राखणदाराचा पगार कुणाच्या मंजुरीवर अडत नाही.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीबद्दल गावांत मोठ्या आशा असतात. २०१३चा कंपनी कायदा सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करायला सांगतो, पर्यावरण आणि नैसर्गिक संसाधनांचं संवर्धन त्याच्या यादीत आहे. पण कायदाच कंपनीच्या परिसराला प्राधान्य द्यायला सांगतो, आणि जत किंवा माणच्या परिसरात कारखाने किती? शिवाय संस्थेकडे सीएसआर-१ नोंदणी हवी, आणि चालू प्रकल्पाला पहिलं वर्ष सोडून तीनच वर्षं मिळतात. लावलेलं झाड तोवर माणसाच्या उंचीचं होतं, एवढंच.

ग्रामपंचायतीच्या खात्यात मात्र पैसा आधीच येत असतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६च्या अनुदानातला ६० टक्के भाग बंधित ठरवला गेला. त्यातला निम्मा पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं आणि पाण्याचा पुनर्वापर यांसाठीच. सातारा आणि सांगली अटल भूजल योजनेतल्या राज्याच्या तेरा जिल्ह्यांतही होते. तिथे पैशाचा एक भाग गावाने पाण्याचा ताळेबंद मांडला का, भूजलाची घसरण थांबली का, यावर मिळत असे. गाव आराखड्यात बरग्यांची ओळ घालायला कुणाची मनाई नाही. ती घालायची असते हे सुचायला हवं.

उपसा सिंचनाचं पाहा. टेंभू, ताकारी, म्हैसाळच्या पाण्याच्या वीजबिलात ८१ टक्के शासन भरतं, १९ टक्के शेतकरी. कृष्णेचं पाणी शेकडो फूट वर चढवण्याचा रोजचा खर्च राज्याने मान्य केला आहे. त्यासाठी नागनाथअण्णा नायकवडींच्या पाणी संघर्ष चळवळीला आणि आटपाडीच्या पाणी परिषदांना वर्षानुवर्षं लढावं लागलं. दुष्काळी तालुक्यांचा तो हक्कच होता. मग आपल्या डोंगरावर पडलेलं पाणी आपल्याच ओढ्यात अडवण्याचा रोजचा खर्च का मान्य होऊ नये?

२०१९च्या उन्हाळ्यात माण आणि आटपाडीत चारा छावण्या होत्या. त्याच वर्षी ८ ऑगस्टला ब्रह्मनाळमध्ये पुरातून माणसं नेणारी बोट उलटली आणि गावाने आपली माणसं गमावली. येरळा जिथे कृष्णेला मिळते, तेच हे ठिकाण. दुष्काळाचा निधी एका खात्यातून येतो, पुराचा दुसऱ्या. कृष्णेच्या पुराचं पाणी दुष्काळी भागाकडे वळवण्याचा जागतिक बँकेच्या साहाय्याचा प्रकल्प शासनाने हाती घेतला आहे, त्यात ही दोन खाती पहिल्यांदा जवळ येतील.

येरळेच्या खोऱ्यासाठी अर्ज लिहायची वेळ आली तर माझ्या अंदाजपत्रकातल्या पहिल्या ओळी अशा असतील. प्रत्येक बंधाऱ्यावर दोन माणसांची ऑक्टोबरमधली आणि मे-जूनमधली मजुरी, बरगे बसवायला आणि काढायला. बरगे ठेवायला कुलूप लागेल अशी पत्र्याची खोली. रबरी पट्ट्या, दर दोन वर्षांनी नव्या. मायणी आणि येरळवाडीला हिवाळ्यात पाखरं मोजणाऱ्या, जवळच्या शाळेतल्या मुलांना दुर्बिणी. प्रत्येक गावात एका विहिरीची पातळी दर महिन्याला मोजून चावडीच्या फळ्यावर लिहिणाऱ्या व्यक्तीचं मानधन, दहा वर्षांसाठी. नव्या सिमेंट बंधाऱ्याची ओळ सगळ्यात खाली, आणि तिच्यासमोरची रक्कम जुने बंधारे एकदा पाण्याने भरलेले पाहिल्यानंतर भरायची.