दुकानदाराचा नकार आणि आयोगाची रिकामी खुर्ची

चंदीगडची हद्द कुठे संपते आणि पंजाब कुठे सुरू होतो, हे झिरकपूरमध्ये राहणाऱ्यालाही पाटी वाचल्याखेरीज सांगता येत नाही. अंबाला, पतियाळा आणि पंचकुलामार्गे कालका-शिमला अशा तीन दिशांचे रस्ते येथे एकत्र येतात. राजधानीच्या नियोजित चौकटीत ज्यांना घर परवडले नाही, त्यांनी या चौफुलीच्या आसपासच्या उंच इमारतींत आसरा घेतला. बँका, केंद्र सरकारची कार्यालये, संरक्षण खाते यांच्या बदल्यांबरोबर मराठी कुटुंबेही येथे येतात. घर पंजाबातील मोहाली जिल्ह्यात, नोकरी केंद्रशासित चंदीगडमध्ये आणि बाजारहाट हरियाणातील पंचकुलात, असा त्यांचा दिनक्रम असतो. एका दिवसात तीन शासनांच्या हद्दी ओलांडणाऱ्या या माणसाला ग्राहक म्हणून कोणते शासन वाली आहे, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. घरातील एखादे यंत्र बंद पडले की तो किरकोळ राहत नाही.

समजा, अशा एका कुटुंबाने दिवाळीत पंचकुलातील दुकानातून 50 हजार रुपयांचा टीव्ही घेतला आणि तिसऱ्याच महिन्यात पडद्यावर उभी रेघ उमटली. दुकानदार म्हणतो, ‘आमचे काम विकण्याचे, तुम्ही कंपनीशी बोला.’ कंपनीच्या सेवा केंद्रातील माणूस म्हणतो, ‘पडद्याला बाहेरून मार बसला आहे, वॉरंटीत बसत नाही.’ पुन्हा दुकानात गेले की बिलाच्या तळाशी छापलेल्या ओळीवर बोट ठेवले जाते: विकलेला माल परत घेतला जाणार नाही. तिसऱ्या फेरीनंतर बहुतेक माणसे थकतात आणि स्वतःच्या खिशातून दुरुस्ती करून घेतात. दुकानदाराचा नकार टिकतो तो या थकव्यावर. कायदा त्याच्या बाजूने मुळीच नाही.

कायदा काय म्हणतो?

ग्राहकाने पैसे दुकानदाराला दिलेले असतात आणि बिलही त्याच्याच नावाचे असते. त्यामुळे विक्रीचा करार दुकानदाराशी झालेला असतो. उत्पादकाची वॉरंटी ही त्यावरची आणखी एक जबाबदारी आहे, दुकानदाराच्या सुटकेचा दाखला नव्हे. म्हणूनच तक्रार करताना विक्रेता, उत्पादक आणि सेवा केंद्र अशा तिघांनाही प्रतिपक्ष करणे शहाणपणाचे ठरते. कोणाचा दोष किती, हे मग आयोगाने ठरवावे.

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ‘अनुचित व्यापारी प्रथा’ या संज्ञेत स्पष्ट भर घातली आहे. सदोष माल बिलात नमूद मुदतीत, आणि तशी मुदत दिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घेण्यास व रक्कम परत देण्यास नकार देणे ही अनुचित प्रथा ठरते. बिल न देणे हीसुद्धा तशीच प्रथा. ही मुदत उलटली म्हणून ग्राहकाचा हक्क संपत नाही. वस्तूतील दोष किंवा सेवेतील त्रुटी सिद्ध झाल्यास दोष दूर करणे, वस्तू बदलून देणे, किंमत व्याजासह परत करणे आणि नुकसानभरपाई देणे, असे आदेश आयोग कलम 39 नुसार देऊ शकतो.

अर्थात या हक्कालाही मर्यादा आहेत. वॉरंटीचा करार सुट्या भागापुरता असेल, तर एका भागाच्या दोषासाठी संपूर्ण वस्तू नवी मागता येईलच असे नाही. मारुती उद्योग विरुद्ध सुशीलकुमार गाबगोत्रा या 2006 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मोटारीच्या बाबतीत नेमका हाच मुद्दा मांडला होता. दुसरीकडे, त्याआधी 2004 मध्ये जोस फिलिप मांपिल्लिल यांच्या प्रकरणात याच न्यायालयाने, सदोष मोटार नवी म्हणून विकून वर जबाबदारी नाकारणाऱ्या उत्पादकाला खडे बोल सुनावले होते. दोन्ही निकाल एकत्र वाचले तर निष्कर्ष सरळ आहे. दुरुस्ती नाकारणे आणि दुरुस्तीऐवजी नव्या वस्तूचा हट्ट धरणे, या दोन्ही टोकांना न्यायालय साथ देत नाही.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. 2019 मध्ये या कायद्याची चर्चा झाली ती प्रामुख्याने ‘उत्पादन दायित्व’ या नव्या प्रकरणामुळे. परंतु कायद्याच्या व्याख्येनुसार हे दायित्व उत्पादनामुळे झालेल्या हानीचे आहे, आणि खुद्द उत्पादनाची झालेली हानी त्या व्याख्येतून वगळली आहे. टीव्हीचा स्फोट होऊन घरातील कोणी जखमी झाले, तर हे प्रकरण उपयोगी पडेल. टीव्ही नुसताच बंद पडला, तर ग्राहकाला दोष, त्रुटी आणि अनुचित प्रथा या जुन्याच पायऱ्या चढाव्या लागतात.

पुण्याहून दिल्लीपर्यंत

या पायऱ्या बांधण्यात मराठी माणसांचा वाटा मोठा आहे. बिंदुमाधव जोशी यांनी 1974 मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. ग्राहकाने एकट्याने भांडायचे नाही, संघटित व्हायचे, हा विचार त्या काळी नवा होता. टंचाईच्या त्या दिवसांत मिळेल ते घेणे हेच ग्राहकाचे भाग्य मानले जात असे. 1986 च्या डिसेंबरमध्ये राजीव गांधी सरकारने ग्राहक संरक्षण विधेयक संसदेत संमत करून घेतले. 24 डिसेंबरला त्यावर राष्ट्रपतींची मोहोर उमटली आणि तोच दिवस आज राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो. जिल्हा मंच, राज्य आयोग आणि राष्ट्रीय आयोग अशी त्रिस्तरीय रचना त्या कायद्याने दिली.

मात्र स्थलांतरिताच्या दृष्टीने त्या कायद्यात मोठी उणीव होती. प्रतिपक्ष जेथे व्यवसाय करतो किंवा वादाचे कारण जेथे घडले, तेथेच तक्रार दाखल करावी लागे. या उणिवेचा सर्वात बोलका दाखला झिरकपूरपासून जवळच घडला. अंबाल्यातील एका गोदामाला आग लागली. विमा अंबाल्याचा, दावाही अंबाल्यातच केलेला. परंतु विमा कंपनीची शाखा चंदीगडमध्ये असल्याने तक्रार चंदीगडच्या आयोगापुढे नेण्यात आली. सोनिक सर्जिकल प्रकरण म्हणून प्रसिद्ध असलेल्या या वादात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2009 मध्ये निर्णय दिला, की ज्या शाखेच्या ठिकाणी वादाचे कारण घडले तीच शाखा ग्राह्य. अन्यथा अंबाल्याच्या आगीसाठी तामिळनाडूत किंवा गुवाहाटीतही दावा लावता येईल. न्यायालयाचा तर्क चुकीचा नव्हता. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला, की कंपनीच्या शाखा देशभर असल्या तरी ग्राहकाला मात्र एकाच गावी जावे लागे. बदलीच्या नोकरीतील माणसासाठी मागे सोडलेल्या गावातील तक्रार म्हणजे सोडून दिलेली तक्रारच.

पत्ता ग्राहकाचा

2019 च्या कायद्याने हे समीकरण उलटे केले. रामविलास पासवान यांच्याकडे तेव्हा ग्राहक व्यवहार खाते होते आणि जालन्याचे रावसाहेब दानवे त्यांचे राज्यमंत्री होते. 30 जुलै 2019 रोजी लोकसभेने आणि 6 ऑगस्टला राज्यसभेने विधेयक संमत केले. त्या आठवड्यात संसदेचे आणि देशाचे सारे लक्ष जम्मू-काश्मीरच्या 370 व्या कलमाकडे लागले होते. परिणामी ग्राहक विधेयकातील 34 व्या कलमातील एका छोट्या पोटकलमाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. तक्रारदार जेथे राहतो किंवा स्वतः उपजीविकेसाठी काम करतो, तेथेही त्याला तक्रार दाखल करता येईल, असे ते पोटकलम सांगते. 20 जुलै 2020 पासून ते लागू झाले.

झिरकपूरच्या आपल्या कुटुंबाला याचा अर्थ काय? टीव्ही पंचकुलात घेतला असला, तरी राहत्या घराच्या आधारे मोहालीच्या जिल्हा आयोगात जाता येते, नोकरीच्या आधारे चंदीगडच्या जिल्हा आयोगात जाता येते आणि पूर्वीप्रमाणे पंचकुलाचे दारही उघडे असते. उद्या नाशिकला बदली झाली, तर तोच वाद नाशिकच्या आयोगापुढे मांडता येतो. पुण्यातून सामानाबरोबर नेलेला फ्रीज झिरकपूरमध्ये बंद पडला, तरी मोहालीत दाद मागता येते. तीन राज्यसत्तांच्या सांध्यावर राहणे ही आजवर ग्राहकाची अडचण होती, या पोटकलमाने तिचेच सामर्थ्य केले.

हे सामर्थ्य वापरायचे तर कागद हवेत. बिल, वॉरंटी कार्ड आणि सेवा केंद्राने प्रत्येक वेळी दिलेले जॉबशीट जपून ठेवावे. जॉबशीट देण्यास टाळाटाळ होत असेल, तर त्याच दिवशी ई-मेलने तक्रार नोंदवावी. तोंडी नकाराला पुरावा नसतो, लेखी प्रश्नाला मिळालेल्या मौनाला मात्र असतो. पहिली पायरी म्हणून 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतूनही बोलता येते. तेथे समेट झाला नाही, तर नोटीस पाठवून आयोगाकडे जावे. वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. वस्तूची किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि वकील लावण्याची सक्ती नाही. 2020 मध्ये ‘ई-दाखिल’ आणि 2025 च्या आरंभी ‘ई-जागृती’ आल्याने तक्रार घरबसल्या भरता येते. दूरदृश्य प्रणालीने सुनावणीची मागणी करण्याचीही कायद्यात तरतूद आहे. दोष तपासणीशिवाय ठरवता येत नसेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो.

दार उघडे, खुर्ची रिकामी

निकाल तीन महिन्यांत, तपासणी आवश्यक असल्यास पाच महिन्यांत देण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. पण त्यासाठी खुर्चीत कोणीतरी बसलेले असावे लागते. देशभरातील आयोगांतील रिक्त जागांची दखल सर्वोच्च न्यायालयाला 2021 च्या आरंभी स्वतःहून घ्यावी लागली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, हे आयोग नको असतील तर सरकारने कायदाच रद्द करावा, अशा आशयाचे उद्गार न्यायालयाने काढले. सप्टेंबर 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सदस्य-निवडीच्या 2020 च्या नियमांतील काही तरतुदी रद्द ठरवल्या. मार्च 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम करून लेखी परीक्षेचा आग्रह धरला. मे 2025 मध्ये तर ग्राहक वादांसाठी कायमस्वरूपी न्यायपीठ उभारता येईल का, याचा विचार करण्यास न्यायालयाने केंद्राला सांगितले. कायदा केंद्राचा आणि नेमणुका राज्यांच्या असल्याने जबाबदारी एकमेकांकडे ढकलण्यास दोघांनाही वाव मिळतो. दुकानदार कंपनीकडे बोट दाखवतो, त्याहून हे फारसे वेगळे नाही.

संसदेच्या स्वतःच्या दुर्लक्षाचेही एक उदाहरण नोंदवले पाहिजे. 1986 च्या कायद्यात मंचाचा प्रत्येक आदेश दिवाणी हुकूमनाम्याप्रमाणे अमलात आणता येई. 2002 च्या दुरुस्तीत 25 व्या कलमात ‘प्रत्येक आदेश’ जाऊन तेथे ‘अंतरिम आदेश’ असे शब्द आले. रक्कम वसूल करण्याचा जिल्हाधिकाऱ्यांमार्फतचा मार्ग उरला, शिक्षेचे कलमही उरले. पण ‘हे काम करून द्या’ अशा अंतिम आदेशाची थेट अंमलबजावणी संशयात सापडली. 15 मार्च 2003 पासून 20 जुलै 2020 पर्यंत, म्हणजे सतरा वर्षांहून अधिक काळ, हा दोष कायम होता. पुण्यातील पाम ग्रोव्हज गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेथे ‘कोणताही आदेश’ असे वाचावे, असा निर्णय दिला तेव्हा त्याचे निवारण झाले. एका विशेषणाची किंमत सतरा वर्षे ग्राहकांनी मोजली आणि सभागृहात त्याचा जाब कोणी विचारला नाही.

दुरुस्तीचा हक्क

वॉरंटी संपल्यानंतरचा प्रश्न याहून कठीण आहे. सुटा भाग मिळत नाही, मिळाला तर नव्या वस्तूच्या निम्म्या किमतीला, आणि बाहेरच्या कारागिराला आराखडा उपलब्ध नाही. जुलै 2022 मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर निधी खरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, त्याच वर्षीच्या ग्राहक दिनी त्यासाठीचे संकेतस्थळ सुरू झाले. मे 2025 मध्ये भरत खेरा समितीने मोबाइल व इतर इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी ‘दुरुस्ती-सुलभता निर्देशांक’ सुचवला. फ्रान्सने असा निर्देशांक 2021 पासूनच लागू केला आहे. युरोपीय संघाने 2024 च्या निर्देशान्वये ठराविक वस्तूंची दुरुस्ती करून देणे उत्पादकांवर बंधनकारक केले. आपल्याकडील निर्देशांकाचे गुण उत्पादकाने स्वतःच जाहीर करावेत, अशी समितीची शिफारस आहे. आकडा छापणे आणि दुरुस्ती करून देणे यांतील अंतर संसदेनेच भरून काढले पाहिजे.

तोवर झिरकपूरच्या ग्राहकाने काय करावे? नकार लेखी मागावा आणि मोहालीच्या आयोगाकडे जावे. तसेच आपल्या खासदाराला एक पत्र लिहावे. त्या पत्रात टीव्हीविषयी एक ओळही नसली तरी चालेल. आपल्या जिल्ह्याच्या आयोगात अध्यक्ष आणि सदस्यांची सर्व पदे भरलेली आहेत का, नसल्यास केव्हापासून रिकामी आहेत, एवढेच विचारावे. प्रश्नोत्तराच्या तासाला हा प्रश्न लागला, तर उत्तर देण्यासाठी कोणत्या तरी मंत्र्याला उभे राहावेच लागेल.