वजन कमी, पिशवी भारी!

डाएट सुरू करायचं म्हटलं की आपण आधी काय करतो? मॉल गाठतो! मीही 'नाचणी बिस्किटं' ट्रॉलीत टाकली. महिनाभरात काटा ढिम्म हलला नाही. शेवटी पाकीट उलटून वाचलं. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. इथे पहिला मैदा, मग साखर आणि नाचणी पार तळाला!

पुढची खरेदी थेट डहाणूच्या बाजारात, तीही भरल्या पोटी. नागली म्हणजे आपली नाचणी, पालेभाज्या आणि ताजे बोंबील. पण गंमत अशी, की नाचणीत कॅलरीज जवळपास गव्हाइतक्याच. मात्र मैद्यापेक्षा फायबर भरपूर, त्यामुळे पोट भरलेलं राहतं. म्हणून भाकरी एकच! २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालेला घोलवडचा चिकूही एकच, मिल्कशेक बंद.

नागली मोजणाऱ्या तलासरीकडच्या मावशी हसल्या, "ताई, बारीक व्हायला नागली? आम्ही तर पोरांनी अंग धरावं म्हणून देतो." मीही हसले, मग गप्प झाले. इथल्या कुपोषणाच्या बातम्या मीच कितीदा वाचल्या होत्या.

आता माझ्या यादीवर दोन नियम आहेत : लागेल तेवढंच घ्यायचं आणि मावशींशी घासाघीस करायची नाही.