आकाशातून पुरातत्त्वशोध

हवाई सर्वेक्षण: विमान, ड्रोन किंवा फुग्यातून जमिनीची छायाचित्रे घेणे.

दूरसंवेदन: आवाका त्याहून मोठा. अवरक्त किरण, रडार, लेसर आणि उपग्रहचित्रे यांचाही त्यात समावेश.

जमिनीवरच्या खुणा
- पिकातल्या: बुजलेल्या खंदकात ओल टिकते, तिथले पीक उंच आणि हिरवे राहते. गाडलेल्या भिंतीवर ते खुरटते. कोरड्या उन्हाळ्यात हा फरक सर्वांत ठळक. २०१८ च्या दुष्काळात आयर्लंडमधील न्यूग्रेंजजवळचे प्राचीन वर्तुळ ड्रोनमधून असेच दिसले.
- मातीतल्या: नांगरटीनंतर उमटणारे रंगभेद.
- सावलीच्या: तिरप्या उन्हात उठून दिसणारे उंचवटे.

लायडार कसे चालते?
विमानातून लेसरचे असंख्य स्पंद सोडतात. पानांच्या फटींतून काही जमिनीपर्यंत पोहोचून परततात. परतीच्या वेळेवरून उंची कळते. मग संगणकावर झाडी वगळली, की उरतो उघड्या जमिनीचा नकाशा.

महत्त्वाचे टप्पे
- १९०६: लष्करी फुग्यातून इंग्लंडमधील स्टोनहेंजची छायाचित्रे.
- १९२० चे दशक: ब्रिटनमध्ये ओ. जी. एस. क्रॉफर्ड यांचे पायाभूत काम.
- १९६०–७२: अमेरिकेचे ‘कोरोना’ हेर-उपग्रह. त्यांची चित्रे १९९५ मध्ये खुली. धरणे आणि यांत्रिक शेतीआधीचा पश्चिम आशिया त्यांत दिसतो.
- २००९: बेलीझमधील काराकोल या माया नगराचे लायडार सर्वेक्षण.
- २०१२: कंबोडियात अंगकोर परिसरात लायडार.
- २०१८: ग्वाटेमालात २,१०० चौ. किमी.हून अधिक क्षेत्रात ६०,००० पेक्षा जास्त माया वास्तू आढळल्याचे जाहीर.

मर्यादा: आकार आणि मांडणी वरून कळते. काळ ठरवण्यासाठी प्रत्यक्ष पाहणी आणि उत्खनन लागते.