ढगफुटी, झड आणि टीव्हीवरची मराठी

टीव्हीवरच्या मराठीवर बोला, असं आम्हाला सांगितलं की समोरची मंडळी ठरावीक गाऱ्हाणी ऐकायच्या तयारीनं बसतात. इंग्रजी शब्द फार झाले, 'मला मदत कर'च्या जागी 'माझी मदत कर' आलं, वगैरे. ती खरीच आहेत. पण आमची काळजी थोडी वेगळी आहे. १९४८ पर्यंत आपल्याकडे निजामाची कचेरी उर्दूत चालली, परभणीच्या बोलीत उर्दू शब्दांची रेलचेल झाली, तरी मराठी काही मेली नाही. परका शब्द आल्यानं भाषा बिघडत नाही. दोन निराळ्या गोष्टींना एकच शब्द पुरायला लागला, की ती बिघडायला सुरुवात होते.

उदाहरण घरचंच घेऊ. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात पावसानं काय केलं, हे तुम्हाला सांगायला नको. त्या दिवसांत आमच्या भाच्याचा फोन आला. "मामा, टीव्हीवर आपल्याकडं ढगफुटी झाली म्हणायलेत. मग आता पंचनाम्याची काही गरज नाही ना?" सोयाबीन पाण्यात उभं होतं. त्याच्या आवाजात जी आशा होती, ती त्या एका शब्दानं दिलेली होती.

हवामानशास्त्रात ढगफुटी म्हणजे वीस-तीस चौरस किलोमीटरच्या टापूत एका तासात सुमारे १०० मिलिमीटर किंवा जास्त पाऊस. अतिवृष्टी ही वेगळी गोष्ट. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला, की प्रशासन अतिवृष्टी धरतं. तीही आकाश बघून नाही, मंडळाच्या पर्जन्यमापकावर. त्यापुढे पंचनामा, त्यात पिकाचं ३३ टक्के किंवा अधिक नुकसान दिसलं पाहिजे, मग मदत. बातमीत यातलं काही नव्हतं. 'पावसाची धुवाधार बॅटिंग' मात्र होती. ज्याचं वावर खरडून गेलं, त्याला क्रिकेटची उपमा ऐकवायची, हे आम्हाला या वयातही समजत नाही.

आपल्या न्यायशास्त्रात व्याख्येचे तीन दोष सांगितलेत: अव्याप्ती, अतिव्याप्ती आणि असंभव. शिंगं असतात ती गाय, असं म्हटलं तर म्हैसही गाय होते. ही अतिव्याप्ती. कपिला रंगाची तीच गाय म्हटलं, तर बाकीच्या गाई बाहेर पडतात, ती अव्याप्ती. आणि एका खुराची ती गाय म्हटलं, तर तशी गाय जगात कुठेच नाही, तो असंभव. टीव्हीनं ढगफुटीची अतिव्याप्ती केली. प्रत्येक मोठा पाऊस ढगफुटी ठरला, तर खरी ढगफुटी होईल त्या दिवशी तिच्यासाठी शब्द कुठून आणायचा?

'ओला दुष्काळ'चं उलटं झालं. लोकांचा शब्द, अर्थ सगळ्यांना कळतो. पण ही संज्ञा नियमांत नाही, असं सरकारनं सांगितलं आणि दुष्काळाच्या सवलती मात्र लागू करण्याचं आश्वासन दिलं. चॅनेलवर 'ओला दुष्काळ जाहीर होणार का?' हा प्रश्न कितीतरी दिवस फिरत राहिला. संज्ञा आणि सवलत यांतला फरक नीट सांगायला दोन मिनिटं लागली असती.

आता गंमत बघा. फरक करणारे शब्द आपल्या बोलीत आहेतच. उघडीप, वाफसा, चिबड जमीन. झड तर बघाच: न थांबता दिवसेंदिवस पडणारा पाऊस. मापकावर कोणत्याच दिवशी ६५ चा आकडा दिसत नाही आणि पीक मात्र उभ्या उभ्या सडतं. 'सततचा पाऊस' ही आपत्ती म्हणून धरायचा निर्णय राज्य सरकारनं २०२३ मध्ये घेतला. जी गोष्ट आमच्या आजोबांना 'झड' या दोन अक्षरांत ठाऊक होती, ती कागदावर यायला इतका काळ लागला. आणि टीव्हीवर 'झड' ऐकलंय का कुणी?

जुनं ते सोनं, असं आम्ही म्हणत नाही. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, त्याची भाषा स्वच्छ होती, पण ती पुण्या-मुंबईच्या शिकलेल्या घरांची होती. 'आमची माती आमची माणसं' सारखा कार्यक्रम होता म्हणून शेतीचे शब्द तरी कानावर पडले. आज मालिकेत 'काय करायलास' म्हणणारं पात्र बहुधा हसवायलाच आणतात. बोलीला विनोदाच्या खात्यात टाकलं, की तिच्यातला झड, वाफसाही तिथेच जातो.

भाच्याला आम्ही एवढंच सांगितलं: टीव्ही बंद कर, तलाठ्याला फोन लाव, मंडळाचा आकडा विचार. त्यानं विचारला. त्या दिवशीचा आकडा ६५ च्या खाली होता. मापक दुसऱ्या गावात, पाऊस ह्याच्या शिवारात. ही अडचण भाषेची नाही, मापकांच्या संख्येची आहे. पण ती नेमकी कुठे आहे, हे त्याला दोन दिवस उशिरा कळलं.

'संशयित', 'आरोपी' आणि 'गुन्हेगार' या तीन शब्दांचं बातम्यांत काय झालंय, ते पुढच्या वेळी घेऊ.