घरचा सर्व्हर आणि बंद दारे

जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत १९९० साली टिम बर्नर्स-ली यांनी जगातला पहिला वेब सर्व्हर सुरू केला. त्यासाठी त्यांनी टेबलावर मावणारा एक साधा दिसणारा संगणक वापरला होता. खोलीत येणाऱ्या-जाणाऱ्याने अनवधानाने तो बंद करू नये, म्हणून हे यंत्र सर्व्हर आहे, ते बंद करू नये, अशा अर्थाची चिठ्ठी तांबड्या शाईने लिहून त्यावर चिकटवलेली होती. 'सर्व्हर' हा शब्द ऐकला की आज आपल्या डोळ्यांपुढे वातानुकूलित दालने आणि यंत्रांच्या रांगा उभ्या राहतात. तथापि सर्व्हर हे मुळात यंत्राचे नाव नव्हे, कामाचे नाव आहे. कोणी मागणी केली की मागितलेले पान काढून देणे, एवढेच ते काम. २०१२ साली ब्रिटनमध्ये विक्रीस आलेला रास्पबेरी पाय हा तळहातावर मावणारा संगणकही ते करू शकतो, आणि त्याला वीज लागते ती एखाद्या एलईडी दिव्याइतकी.

समजा, इंदूरमधल्या एका मराठी कुटुंबाने आपल्या आजीच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून ठेवल्या आहेत. त्यांच्या जोडीला जुनी पत्रे आहेत, छायाचित्रे आहेत. नातेवाईक नागपूरला, बंगळूरला, एखादी भाची टोरांटोला. हा ठेवा एखाद्या मोठ्या कंपनीच्या संकेतस्थळावर ठेवता येईल. परंतु तेथील जागा, नियम आणि शुल्क कंपनी ठरवणार, आणि उद्या तिने ती सेवा गुंडाळली तर ठेव्याचे काय होईल हेही तीच ठरवणार. ही भीती कल्पनेतली नव्हे. जिओसिटीज या सेवेवर एके काळी लक्षावधी सामान्य माणसांनी आपापली पाने उभारली होती; याहू कंपनीने २००९ साली जपान वगळता ती बंद केली. तेव्हा आपल्या घरचा ठेवा आपल्या घरच्याच संगणकावरून द्यावा, असे या कुटुंबाला वाटले तर त्यात नवल नाही.

संगणक आणला, त्यावर सर्व्हरचा प्रोग्राम बसवला. घरातल्या घरात पाने उत्तम दिसतात, ओव्याही ऐकू येतात. नागपूरहून मात्र काहीच दिसत नाही. यंत्रात बिघाड नाही. अडचण दारात आहे.

इंटरनेटवरील प्रत्येक यंत्राला आकड्यांचा एक पत्ता असतो, आणि त्या पत्त्यावर १ ते ६५,५३५ इतकी क्रमांकित द्वारे असतात. यांनाच 'पोर्ट' म्हणतात. पोर्ट म्हणजे बंदर, असा अर्थ आपल्या चटकन मनात येतो. येथे मात्र द्वार, दरवाजा हाच अर्थ घ्यावा. घर एकच, पण पाहुण्यांसाठी पुढचे दार, दूधवाल्यासाठी मागचे, तसा हा प्रकार. वेबची पाने ८० क्रमांकाच्या द्वारावर मागितली जातात आणि सांकेतिक लिपीत गुंडाळून सुरक्षितपणे द्यायची असतील तर ४४३ क्रमांकाच्या. टपाल, म्हणजे ईमेल, एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे पोचवण्यासाठी २५ क्रमांक ठरलेला आहे.

घरात इंटरनेट येते ते राउटर नावाच्या पेटीतून. घरातले फोन, दूरचित्रवाणी संच, संगणक या सर्वांना ही पेटी घरापुरते खासगी पत्ते वाटते. हे पत्ते बहुधा १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होतात, आणि तसेच पत्ते शेजारच्या घरातही असतात; म्हणून बाहेरच्या जगात त्यांना काही अर्थ नाही. बाहेर दिसतो तो राउटरचा एकच पत्ता. घरातून एखादी मागणी बाहेर गेली की राउटर आपल्या वहीत नोंद करतो : अमुक यंत्राने अमुक ठिकाणी विचारणा केली आहे. उत्तर आले की ती नोंद पाहून ते त्या यंत्राकडे पोचवतो. परंतु न बोलावता आलेल्या पाहुण्याची वहीत नोंदच नसते. तो कोणाकडे आला आहे हे राउटरला कळत नाही, आणि राउटर त्याला उत्तरही न देता सोडून देतो. यावर उपाय सोपा आहे. ४४३ वर येणाऱ्या पाहुण्याला अमुक यंत्राकडे न्यावे, अशी कायमची सूचना राउटरमध्ये लिहून ठेवता येते. यालाच पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. पुष्कळांचे काम एवढ्यावर भागते.

ज्यांचे भागत नाही, त्यांच्या बाबतीत दार राउटरच्याही पलीकडे, इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीकडे बंद असते. याला काही रास्त कारणे आहेत. विषाणूंनी ताब्यात घेतलेले घरगुती संगणक नको असलेल्या ईमेलचा पूर जगभर सोडतात, म्हणून २५ क्रमांक बंद ठेवण्याची रीत पडली. जुलै २००१ मध्ये 'कोड रेड' नावाचा उपद्रवी प्रोग्राम ८० क्रमांकाच्या द्वारातून शिरून चौदा तासांच्या आत ३,५९,००० हून अधिक संगणकांत पसरला. त्यानंतर अमेरिकेतील काही कंपन्यांनी घरगुती ग्राहकांचे हे दारच लावून घेतले. दुसरे कारण व्यापाराचे आहे. घरगुती जोडणी पाहण्या-ऐकण्यासाठी, आणि काही द्यायचे असेल तर महागडी व्यावसायिक जोडणी घ्यावी, अशी ही विभागणी. ग्राहकाने घेतच राहावे, देऊ नये, हे गृहीत धरून केलेली ही रचना प्रस्तुत लेखकाला फारशी उदार वाटत नाही.

परंतु भारतातील वाचकाला बहुधा तिसरेच कारण भेटेल, आणि ते टंचाईचे आहे. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीतील पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटी. त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला आणि आशियाच्या वाट्याचा मोकळा साठा त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये. मग कंपन्यांनी अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देण्यास सुरुवात केली. आपल्या घरात राउटर जे करतो, तेच कंपनी शेकडो घरांसाठी करू लागली. या मधल्या अवस्थेसाठी २०१२ साली पत्त्यांचा एक गट राखून ठेवण्यात आला, तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंत आहे. राउटरच्या माहितीपानावर बाहेरच्या बाजूचा पत्ता या गटातला दिसला, किंवा एखाद्या संकेतस्थळाला दिसणारा आपला पत्ता त्याहून निराळा निघाला, तर समजावे की आपल्या घराला स्वतंत्र सार्वजनिक पत्ताच नाही. अशा वेळी घरच्या राउटरमध्ये कितीही सूचना लिहिल्या तरी व्यर्थ, कारण पाहुणा आपल्या राउटरपर्यंत येतच नाही. अनेकजण येथेच कित्येक रात्री घालवतात. म्हणून ही तपासणी सर्वांत आधी करावी.

आता वाटा पाहू. पहिली सरळ आहे : कंपनीकडे स्थिर सार्वजनिक पत्ता मागावा. काही कंपन्या जादा शुल्क घेऊन तो देतात. दुसरी अशी की पत्ता सार्वजनिक आहे, पण ८० आणि ४४३ तेवढे बंद आहेत, तर ८०८० यासारखे दुसरे एखादे द्वार उघडावे. मात्र प्रत्येक पाहुण्याला पत्त्याच्या शेवटी हा क्रमांक लिहावा लागतो, आणि कार्यालयांच्या किंवा महाविद्यालयांच्या जाळ्यांतून असे अनोळखी क्रमांक अनेकदा अडवले जातात. तिसरी वाट आयपीव्ही६ या नव्या पत्तापद्धतीची. तिच्यात पत्त्यांची टंचाई नाही, घरातल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळू शकतो, आणि भारतात तिचा प्रसार चांगला झालेला आहे. राउटरची पहारेदारी येथेही असते, म्हणून त्या एका यंत्राचे एक द्वार उघडण्याची सूचना द्यावीच लागते. ज्या पाहुण्याच्या जोडणीला ही पद्धत अवगत नाही, त्याला मात्र आपले घर दिसणार नाही. टोरांटोच्या भाचीला दिसेल आणि नागपूरच्या काकांना दिसणार नाही, असेही घडू शकेल.

या सर्व वाटा खुंटल्या तरी एक उरते, आणि तीच सर्वांत कल्पक आहे. बंद असते ते आत येण्याचे दार. बाहेर जाण्याची वाट मोकळीच असते. पूर्वी चाळीत सर्वांकडे दूरध्वनी नसे. तेव्हा लोक खालच्या दुकानदाराचा क्रमांक नातेवाइकांना देत. फोन आला की दुकानातला मुलगा वर निरोप देई. पत्रावरही 'द्वारा अमुक अमुक' असे लिहिण्याची पद्धत होती. घरच्या सर्व्हरलाही असा एक 'द्वारा' लाभू शकतो. सार्वजनिक पत्ता असलेला एक छोटा संगणक कोठेतरी भाड्याने घ्यायचा. घरच्या यंत्राने स्वतः होऊन त्याच्याशी जोडणी करायची आणि ती तोडायची नाही. जोडणी घरातून बाहेर गेलेली असल्यामुळे राउटर आणि कंपनी दोघांच्याही वहीत तिची नोंद असते, आणि एकदा जोडणी झाली की तिच्यातून दोन्ही दिशांनी बोलता येते. नागपूरचे काका भाड्याच्या संगणकाचे दार ठोठावतात. तो ती मागणी आधीच उघड्या असलेल्या जोडणीतून इंदूरच्या घरी पाठवतो. उत्तर त्याच वाटेने परत येते. या वाटेला बोगदा, म्हणजेच टनेल, म्हणतात.

बोगदा खणण्याचे एक जुने आणि विश्वासू साधन म्हणजे एसएसएच. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठातील तातू इलोनेन यांनी ते १९९५ साली तयार केले. जुन्या, असुरक्षित साधनांपैकी दोघांचे क्रमांक २१ आणि २३ होते. मधला २२ रिकामा होता. इलोनेन यांनी तो रीतसर मागून घेतला आणि लगेच मिळाला. वायरगार्ड हे अलीकडचे साधन २०२० साली लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाले असून तेही या कामी उत्तम आहे. एक बारकावा ध्यानात ठेवावा. राउटरची वही फार काळ जुन्या नोंदी सांभाळत नाही. जोडणीत काही काळ काहीच हालचाल झाली नाही, तर तो नोंद खोडून टाकतो आणि बोगदा मुकाट्याने बुजतो. म्हणून घरच्या यंत्राने अधूनमधून 'मी आहे' एवढे तरी कळवत राहावे लागते. वायरगार्डमध्ये त्यासाठी २५ सेकंदांचे अंतर सुचवलेले आहे.

भाड्याचा संगणक नको असेल तर तयार बोगदे पुरवणाऱ्या सेवाही आहेत. क्लाउडफ्लेअरची सेवा त्यांपैकी एक. तेथे एक प्रश्न विचारलाच पाहिजे : मधल्या माणसाला आपले पत्र वाचता येते काय? सुरक्षित वेबमध्ये पान सांकेतिक लिपीत गुंडाळलेले असते. ते गुंडाळण्याची किल्ली घरच्या यंत्रावर असेल, तर मधला संगणक बंद पाकीट इकडून तिकडे देणारा पोस्टमन ठरतो. किल्ली मधल्याच्या हाती असेल, तर तो पाकीट उघडतो, पाहतो आणि पुन्हा बंद करतो. क्लाउडफ्लेअरसारख्या सेवांत वेबपानांचे पाकीट सामान्यतः मध्येच उघडते. आजीच्या ओव्या सर्वांसाठीच असतील तर त्याने बिघडत नाही. घरातील खासगी कागदपत्रे असतील तर बिघडते. स्वतःचा भाड्याचा संगणक वापरल्यास किल्ली घरी ठेवता येते, हा त्याचा मोठा लाभ.

किल्लीबरोबर एक प्रमाणपत्रही लागते. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था डिसेंबर २०१५ पासून ते सर्वांना विनामूल्य देत आहे. संकेतनाव खरोखर आपलेच आहे हे पडताळण्यासाठी ती संस्था एरवी ८० किंवा ४४३ चे दार ठोठावते. दारे बंद असली तरी अडत नाही. संकेतनावाच्या सार्वजनिक नोंदीत तिने सांगितलेली अक्षरे लिहून दाखवली की पडताळणी पूर्ण होते.

दार उघडले की नको ते पाहुणेही येणार, हे मात्र निश्चित. सर्व्हरच्या नोंदवहीत पहिल्याच दिवशी अनोळखी पत्त्यांवरून आलेल्या खटपटी दिसू लागतात. त्या बहुतेक यांत्रिक असतात. कोणी आपल्यावर डोळा ठेवून आहे असे नव्हे, गल्लीतले प्रत्येक कुलूप हलवून पाहणारा चोर असतो तसे ते आहे. म्हणून एकच द्वार उघडावे, प्रोग्राम नेहमी अद्ययावत ठेवावेत, परवलीचा शब्द लांब असावा, आणि ठेव्याची एक प्रत या यंत्रापासून दूर, निराळ्या ठिकाणी असावी. घरगुती जोडणीवर सर्व्हर चालवण्यास कंपनीच्या करारात मनाई आहे काय, हेही आधी वाचून घ्यावे. बोगदा तांत्रिक अडथळा ओलांडतो, करारातील अट ओलांडत नाही.

वीज गेली की घरचा सर्व्हरही जातो. वीज परत आल्यावर संगणक, सर्व्हरचा प्रोग्राम आणि बोगदा ही तिन्ही कोणी हात न लावता आपोआप सुरू होतील, अशी व्यवस्था पहिल्याच दिवशी करावी आणि यंत्राची वायर मुद्दाम काढून ती पारखून पाहावी. ही चाचणी घरच्या वायफायवरून घेऊ नये. घरातून घराचाच बाहेरचा पत्ता विचारला असता काही राउटर गोंधळतात आणि चालू असलेला सर्व्हरही बंद भासतो. फोनचे वायफाय बंद करून मोबाइलच्या जोडणीवरून पान उघडून पाहावे, किंवा नागपूरला फोन करून काकांना विचारावे.