ब्रेकमधली हवा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मोटरसायकलचे डिस्क पॅड बदलले किंवा नवा कॅलिपर बसवला की हमखास प्रश्न येतो, ‘एअर काढायची ना?’ उत्तर एकाच गोष्टीवर ठरतं: काम करताना ब्रेक ऑईलची लाइन कुठे उघडली होती का? लिव्हर दाबला की मास्टर सिलिंडरचा पिस्टन ऑईल ढकलतो, ते कॅलिपरच्या पिस्टनना ढकलतं आणि पॅड डिस्कला आवळतात. ऑईल जवळजवळ आकसत नाही, हवा सहज आकसते. लाइनमध्ये हवा राहिली तर बोटांचा जोर पॅडपर्यंत पोचतच नाही, लिव्हर नुसता मऊ लागतो.

गैरसमज: पॅड बदलले की ब्लीडिंग (म्हणजे लाइनमधली हवा काढणं) करावंच लागतं.
वस्तुस्थिती: नुसते पॅड बदलताना लाइन बंदच असते, मग हवा शिरेल कुठून? नवे पॅड जाड असतात, म्हणून पिस्टन मागे ढकलावे लागतात. त्यामुळे पहिल्यांदा लिव्हर थेट मुठीला टेकतो. गाडी जागेवर असतानाच तो काही वेळा दाबला की पिस्टन पुढे येतात आणि लिव्हर घट्ट होतो. हे न करता गाडी रस्त्यावर काढली, तर पहिल्याच सिग्नलला ब्रेक लागणार नाही. होज, कॅलिपर किंवा मास्टर सिलिंडर बदलला असेल, होज जोडणारा बँजो बोल्ट सोडवला असेल, तर मात्र ब्लीडिंगला पर्याय नाही. बोल्टचे वॉशरही तेव्हा नवेच घालावेत.

गैरसमज: ऑईलची पातळी उतरली की वरून भर घालायची.
वस्तुस्थिती: पॅड झिजतात तसे पिस्टन बाहेर सरकतात आणि त्यांच्या मागची जागा ऑईल भरून काढतं. म्हणून पातळी उतरलेली दिसली की आधी पॅड पाहावेत. ते न पाहता भर घातली, तर पुढे नवे पॅड बसवताना मास्टर सिलिंडरची ऑईलची डबी वाहते आणि ऑईल पेट्रोलच्या टाकीवरचा रंग खातं. सांडलंच तर लगेच भरपूर पाण्याने धुवावं. पॅड चांगले असूनही पातळी उतरत असेल, तर गळती शोधावी.

गैरसमज: कॅलिपरवरचा ब्लीडिंगचा निपल उघडून लिव्हर भराभर मारला की हवा निघते.
वस्तुस्थिती: क्रम चुकला की बाहेर गेलेली हवा परत आत येते. निपलवर आधी रिंग पाना, मग पारदर्शक नळी चढवावी आणि नळीचं दुसरं टोक ऑईल असलेल्या बाटलीत बुडवावं. लिव्हर सावकाश दाबून धरायचा, निपल पाव फेरा सैल करायचा, ऑईल बाहेर आलं की निपल बंद करायचा आणि मगच लिव्हर सोडायचा. नळीत बुडबुडे दिसेनासे होईपर्यंत हेच. मधेमधे वरच्या डबीकडे लक्ष हवं. ती रिकामी झाली की मास्टर सिलिंडर हवा ओढतो आणि सगळं काम पुन्हा पहिल्यापासून. हवा वर चढते, म्हणून निपल कॅलिपरच्या सर्वांत वरच्या बाजूला असावा लागतो.

गैरसमज: डॉटचा आकडा जितका मोठा, तितकं ऑईल चांगलं.
वस्तुस्थिती: डॉट ३, ४ आणि ५.१ ही ग्लायकॉलच्या कुळातली आहेत, डॉट ५ मात्र सिलिकॉनचं. ते यांच्यात मिसळायचं नाही. डबीच्या झाकणावर लिहिलेलंच ऑईल वापरावं. ग्लायकॉलवालं ऑईल हवेतला ओलावा शोषतं. ताज्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पण ३.७ टक्के पाणी मुरल्यावर तीच मर्यादा १५५ वर येते. आंबोलीसारख्या घाटात उतारभर ब्रेक दाबून ठेवला की जुनं ऑईल उकळतं, त्याची वाफ होते आणि लिव्हर अचानक पोकळ होतो. म्हणून बहुतेक कंपन्या साधारण दोन वर्षांनी ऑईल बदलायला सांगतात. बरेच दिवस उघडी पडलेली बाटली वापरू नये.

गैरसमज: कॅलिपरचे भाग पेट्रोलने धुतले की लख्ख होतात.
वस्तुस्थिती: लख्ख होतात, पण पेट्रोल-डिझेलने आतली रबरी सील फुगतात आणि पिस्टन अडकतो. सीलला ताजं ब्रेक ऑईलच लावावं.

गैरसमज: एबीएसच्या गाडीचं ब्लीडिंग कंपनीच्या वर्कशॉपशिवाय होत नाही.
वस्तुस्थिती: १ एप्रिल २०१९ पासून भारतात १२५ सीसीवरच्या सगळ्या नव्या मोटरसायकलींना एबीएस सक्तीचं आहे. लाइन रिकामी झाली नसेल तर बहुतेक गाड्यांना नेहमीची पद्धत चालते. एबीएसच्या युनिटमध्ये हवा अडकली, तर काही मॉडेलना स्कॅनर लावावा लागतो. मॅन्युअलमध्ये ते दिलेलं असतं.

गैरसमज: लिव्हर घट्ट लागला म्हणजे काम झालं.
वस्तुस्थिती: लिव्हर जोरात दाबून मिनिटभर धरून ठेवा. तो हळूहळू खाली बसत गेला तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचं सील गेलं आहे. कितीही ब्लीडिंग केलं तरी ते सुधारणार नाही. तो जागेवर राहिला तर निपल, बँजो बोल्ट कोरडे आहेत ना ते पाहा, मोकळ्या जागी सावकाश ब्रेक मारून बघा आणि मगच वाहतुकीत शिरा. नवे पॅड डिस्कवर बसेपर्यंत पकड थोडी कमीच असते, तोवर पुढच्या गाडीपासून अंतर जास्त ठेवा.